होकाराची जागा

माझा नवरा नितेश बोलताना अडखळतो. ब, प आणि म ही त्याची अवघड अक्षरं. ओठ एकदा मिटले की पुन्हा उघडायला वेळ लागतो. जयगडच्या बंदरात तो इलेक्ट्रिशियन आहे. तिथे बोलण्यापेक्षा हात चालावे लागतात, त्यामुळे त्याचं बरं चाललं आहे. भजनात मात्र तो कधीच अडखळत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला गाताना ऐकलं, तेव्हा मान वर करून बघितलं होतं की दुसरं कोणी गातंय का.

गेल्या पावसाळ्यातल्या आजारपणात सासऱ्यांच्या स्वरयंत्राची एक पट्टी लुळी पडली आणि त्यांचा आवाज कुजबुजीएवढा उरला. घरात तेवढा पुरतो. पण शिमग्यात पालखी आमच्या वाडीतल्या सहाणेवर, म्हणजे देवाच्या दगडी ओट्यावर बसली, की गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. एकाने सगळ्या वाडीच्या वतीने देवाला मोठ्याने एकेक मागणं घालायचं आणि जमलेल्या माणसांनी प्रत्येक मागण्यावर एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सासऱ्यांनी, म्हणजे काशीराम बाबांनी, एकतीस वर्षं गाऱ्हाणं घातलं.

माघ संपत आला तेव्हा दादू घरी आला. दादू नितेशचा चुलतभाऊ. गणपतीपुळ्याला रिक्षा चालवतो आणि हॉर्न क्वचितच वाजवतो, कारण त्याला गरज पडत नाही.

“काका, यंदा गाऱ्हाण्याचं काय करायचं?” तो ओटीवर बसत म्हणाला. “मी घालू काय? नितेशला उगाच तरास. माझा गळा तयार हाय.”

“तुझा गळा कधी तयार नव्हता रे मेल्या?” आतून सासूबाई म्हणाल्या. “बारशाला रडलास तर पावणे जेवण टाकून उठले.”

बाबांनी नितेशकडे पाहिलं. नितेश जमिनीकडे पाहत होता.

“बघा, आणि सांगा शिमग्याआधी,” दादू म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

त्या संध्याकाळी मी परसात कपडे काढत होते. नितेश मागून आला आणि त्याने माझ्या हातातले चिमटे घेतले.

“म... मला घालायचंय,” तो म्हणाला.

“मग दादूला तसं सांगायचं ना.”

“आणि सगळ्यांसमोर अडकलो तर? तू फिजिक्सवाली. कायतरी कर.”

मी रत्नागिरीला कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल घेते. एखादी गोष्ट जमत नसेल तर आधी ती मोजावी, एवढंच मला येतं. नितेशच्या फोनवर मागच्या तीन शिमग्यांची रेकॉर्डिंग होती. मी ती कॉम्प्युटरवर घेतली आणि साफ केली. ढोल काढले, पोरांच्या पिपाण्या काढल्या, गर्दीचा आवाज काढला. बाबांचा आवाज तेवढा ठेवला आणि एकेक ओळ मोजली.

जे निघालं त्याने मला इतका आनंद झाला की मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेले. ओळ लांब असो की आखूड, बाबांना सुमारे तीन सेकंदच लागत होते. ‘बोटीवर गेलेल्या पोरांना सुखरूप घरी आण’ ही ओळ तीन सेकंदांत, आणि ‘पाऊस दे’ हीसुद्धा तीन सेकंदांत. लांब ओळीत ते शब्द एकमेकांना चिकटवायचे आणि आखूड ओळीत स्वर ताणायचे. तालात मात्रा ठरलेल्या असतात आणि त्यात चार अक्षरं बसवायची की सोळा, हे गाणारा ठरवतो, अगदी तसं.

“म्हणजे हे तुला आता कळलं?” सासूबाई म्हणाल्या. त्यांना त्यात मोजण्यासारखं काही दिसलं नाही.

मी नितेशच्या फोनवर ठोके देणारं ॲप घातलं आणि दर तीन सेकंदांनी टिक्‌ लावून दिलं. तो कामावरून आला की घरापुढच्या खळ्यात उभा राहायचा आणि ठोक्यावर एकेक ओळ म्हणायचा. तिसऱ्या दिवसापासून तो एकदाही अडखळला नाही. मी वहीत नोंद केली. एका गोष्टीची नोंद मात्र केली नाही, कारण ती कशी मोजायची ते मला कळेना: स्टेशनवर गाडीची घोषणा होते ना, तसं ते गाऱ्हाणं ऐकू येत होतं.

आठवडाभराने सासूबाई खळ्यात ओले काजू सोलायला बसल्या होत्या. डिंक लागू नये म्हणून हाताला राख फासलेली. नितेशने एक ओळ म्हटली. त्यांनी “व्हय म्हा—” म्हणेपर्यंत टिक्‌ झालं आणि त्याने पुढची ओळ सुरू केली. पुढच्या वेळी त्या थांबल्या, तर ओळ संपल्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत सगळं गप्प झालं.

“अरे, मी व्हय म्हणू कुठं? जागाच नाय ठेवलीस.”

नितेशने माझ्याकडे पाहिलं.

“आई, ते मी मोजण्यात घेतलं नाही,” मी म्हटलं. “लोकांचा आवाज बाबांच्या आवाजात मिसळत होता, म्हणून काढला.”

सासूबाईंच्या हातातला काजू तसाच राहिला. “माणसांना काढलंस?”

“रेकॉर्डिंगमधून.”

“घाटावरची ती घाटावरचीच! अगो, गाऱ्हाणं काय एकट्याचं असतं?” मी कराडची. लग्नाला चार वर्षं झाली, तरी काही चुकलं की सासूबाईंच्या लेखी मी घाट चढून परत जाते.

ओटीवरून बाबांनी हात वर केला. ते बोलणार असले की आम्ही सगळे त्यांच्याजवळ जातो. आताही गेलो.

“मी कधी काय मोजलं नाय,” ते कुजबुजले. “पालखीचा खांदा बदलतात बघ. पालखी थांबत नाय. एकाचा खांदा निघायच्या आधी दुसऱ्याचा लागलेला असतो. माझी ओळ खाली उतरली की माणसं उचलायची. त्यांचा होकार उतरायला लागला की मी.”

मी मूळ रेकॉर्डिंग पुन्हा उघडलं. ते जे म्हणत होते ते पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. ओळीच्या शेवटच्या अक्षरावर बाबांचा आवाज हेल काढून खाली यायचा आणि तो पुरता संपायच्या आत लोक शिरायचे. लोकांचा ‘जा’ विरायच्या आत बाबा पुढची ओळ उचलायचे. साऱ्या गाऱ्हाण्यात रिकामी जागा कुठेच नव्हती. मी ठोका बाबांच्या तोंडात शोधत होते आणि ताल धरणारी दीडशे माणसं मी स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती.

ॲप काढून टाकलं. रोज संध्याकाळी मी, सासूबाई आणि शेजारच्या मथुराकाकू खळ्यात बसायला लागलो. नितेश ओळ म्हणायचा, आम्ही होकार द्यायचो. दोन दिवसांत घोषणा गेली आणि बोलणं आलं. बाबांच्यासारखा हेलसुद्धा आला, तो मी शिकवला नव्हता. माझा होकार मात्र काकूंना पसंत पडेना.

“गो श्रुती, भाकऱ्या थापतेस काय? ‘म्हाराजा’ जरा सोड की लांब.”

एक अडचण राहिली. गाऱ्हाण्याचा पहिला शब्द ‘बा’. बा देवा म्हाराजा. त्याच्या आधी कोणाचा होकार नसतो, म्हणजे धरायला काही नसतं. घरी मी हाताने इशारा करायचे आणि ते कसंबसं जमायचं. सहाणेवर मी बायकांत उभी असणार.

“नुसतं ‘देवा’ म्हण,” बाबा कुजबुजले. “देव काय रागवायचा नाय.”

“तुम्ही एकतीस वर्षं ब... बा म्हटलंत,” नितेश म्हणाला. “मी पण तेच म्हणणार.”

यंदा गाऱ्हाणं आपणच घालणार, हे त्याने दादूलाही स्वतःच फोन करून सांगितलं. तो फोन बराच लांबला.

पालखी पाचच्या सुमाराला सहाणेवर टेकली. ढोल थांबले. मुंबईहून आलेले, बंदरातले, बागांतले, सगळे दाटीने उभे होते. पुढे नितेश हात जोडून उभा. त्याच्या उजव्या बाजूला खुर्चीवर बाबा, समोरच्या माणसांत दादू.

नितेशने श्वास घेतला आणि ओठ मिटले. ते मिटलेलेच राहिले. मानेची शीर वर आली. मला तो अडथळा माहीत आहे. त्या वेळी त्याच्याकडे बघायचं नसतं, पण मी बघत होते. कोणीतरी खोकलं. एक सेकंद गेला, मग दुसरा, मग तिसरा.

आणि दादू खणखणीत आवाजात म्हणाला, “व्हय म्हाराजा!”

एकटाच. सगळ्यांच्या माना वळल्या.

“मेल्या, त्याने अजून मागितलंन तरी काय?” एक म्हातारबुवा म्हणाले.

“तोंडातनं गेलं,” दादू म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

पोरं हसली, मग बायका. मी हसले नाही, कारण मला कळलं होतं. तीन सेकंद झाले होते. ओळीएवढा वेळ गेला आणि लहानपणापासून तीच लय ऐकलेल्या दादूच्या तोंडाने आपल्या जागी बरोब्बर होकार दिला. शब्द आलेलेच नाहीत, हे नंतर त्याच्या लक्षात आलं.

नितेशही हसला. हसताना ओठ उघडले. दादूने ते पाहिलं. या वेळी त्याने दोन्ही हात वर करून माणसांना खूण केली आणि पुन्हा ओरडला, “व्हय म्हाराजाऽऽ!” पन्नासेक माणसं त्याच्याबरोबर आली. होकार उतरायला लागला आणि तो विरायच्या आत नितेशने उचललं:

“बा देवा म्हाराजाऽऽ, आज तुझी सारी लेकरं तुझ्या पायाशी आली हायत—”

“व्हय म्हाराजा!”

“कोण शेतात राबतो, कोण दर्यावर हाय, त्यांच्या पाठीशी उभा ऱ्हा—”

“व्हय म्हाराजा!”

‘मुंबईला’ या शब्दावर तो पुन्हा अडला. मला वाटलं, आता लोक परत मध्येच होकार देऊन टाकतील. कोणी दिला नाही. दीडशे माणसं तोंड अर्धवट उघडून थांबली. ओळ सहा सेकंदांची झाली, आणि तिचं शेवटचं अक्षर खाली उतरलं तेव्हाच होकार आला, सगळ्यांचा एकदम. पुढची ओळ पुन्हा तीन सेकंदांची. तो आणखी तीनदा अडला असेल, नक्की सांगता येणार नाही. मी मोजत नव्हते. मी ‘म्हाराजा’ लांब सोडत होते.

बाबांचे ओठ हलत होते. मला वाटलं, ते नितेशबरोबर ओळी म्हणताहेत. पण ओळीच्या वेळी ते गप्प असायचे. ते इतरांबरोबर होकार देत होते. एवढ्या वर्षांत ही बाजू त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती.

गाऱ्हाणं संपलं, ढोल सुरू झाले. दादू गर्दीतून वाट काढत आला.

“काय रे, तुला देवाचा होकार आधी घेऊन दिला, मागणं मागाहून! असला वकील कुठं मिळायचा नाय.”

नितेशचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. एरवी तहान लागली की तो तांब्याकडे बोट दाखवतो. आता सहाणेच्या कोपऱ्यात हंडा होता, पण त्याने तिकडे पाहिलंही नाही.

“प... प...” तो म्हणाला. आजूबाजूला मुंबईचे दोन पाहुणे आणि अर्धी वाडी उभी होती.

दादू कमरेवर हात ठेवून थांबला. तो शब्द त्याला ठाऊक होता, सगळ्यांनाच ठाऊक होता. तरी कोणी तो नितेशच्या तोंडातून काढून घेतला नाही.

“पाणी दे,” नितेश म्हणाला.