नेहमीचा धूर

आमच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत दोन बॉयलर आहेत. एक गॅसवरचा, नवाकोरा, चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागतं. दुसरा कोळशाचा, पाइप काढून कोपऱ्यात गार पडलेला. नवा अजून आमचा नव्हता. बाहेरच्या एका देशाने तो चाचणीसाठी दिला होता आणि तो राहणार की परत जाणार हे दोन तज्ज्ञ ठरवणार होते. परत गेला तर आईला पुन्हा कोळसा ओढावा लागणार, आणि तिची छाती ते सहन करणार नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. इतकी साधी गोष्ट. पण तज्ज्ञांना साधं काही पचत नाही.

एक तज्ज्ञ त्या बाहेरच्या देशाचा. आमची भाषा पुस्तकातून शिकून आलेला, त्यामुळे बोलायला लागला की उद्घाटन चाललंय असं वाटायचं. मी त्याचं नाव पोथी ठेवलं. दुसऱ्या आपल्या सरकारच्या मॅडम. दोघांनी मिळून एकच आकडा ठरवायचा, म्हणून दोघं एकत्र आले होते. एकत्र म्हणजे एका खोलीत, इतकंच.

आकडा कशाचा, तर आमच्याकडून न निघालेल्या धुराचा. पोथीच्या देशातले कारखाने ठरल्यापेक्षा जास्त धूर सोडतात. तो तिथे कमी करणं महाग पडतं. मग ते आमच्यासारख्यांना नवा बॉयलर देतात आणि आमचा जो धूर वाचेल तो स्वतःच्या खात्यात घालतात. कारखाने आपले धुरात खूश.

"पण न निघालेला धूर मोजणार कसा?" मी विचारलं.

"जुना बॉयलर पेटवून," मॅडम म्हणाल्या. "आधी किती निघायचा ते कळलं तरच किती वाचला ते कळेल ना, बाळा."

बाळा. मी एवढी मोठी झाले, शाळा सोडली त्यालासुद्धा आता बरेच दिवस झाले. धूर थांबला हे दाखवायला धूर करायचा, हे मी शाळेत लिहिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

आई मात्र पदर खोचून तयार. "जोडते ना. त्यात काय एवढं." साहेब लोक आले की तिचा आवाजच बदलतो. पाइप जोडले, पाणी भरलं, कोळसा पेटवला. पोथीने धुराड्यात एक नळी खुपसली आणि यंत्राकडे डोळे लावून बसला. आई थोडा थोडा कोळसा टाकत होती, हवेचं झाकण कमीजास्त करत होती. धुराड्यातून नावापुरता राखाडी पट्टा निघत होता. पोथीचं तोंड उतरत गेलं.

"आपला बॉयलर अपेक्षेपेक्षा फारच सुस्थितीत आहे," तो म्हणाला. "ही खेदाची बाब आहे."

"म्हणजे?" आईला वाटलं काहीतरी मोडलं.

"म्हणजे तू तो नीट ठेवलास," मी म्हटलं. "आधीच धूर कमी, तर वाचणार काय? चूक झाली तुझी."

माझ्या मावशीची लाँड्री पलीकडच्या गल्लीत आहे. तिने जन्मात बॉयलरच्या नळ्या खरवडल्या नाहीत, आत बोटभर काजळी. परवा तिचा धूर बघून या दोघांना इतका आनंद झाला की नवा बॉयलर जागच्या जागी मंजूर. मावशी गल्लीभर सांगत फिरली.

मग दोघांचं भांडण जुंपलं. वाचलेला धूर आधीच कमी, त्यातला थोडा तरी आपल्या देशाच्या खात्यात राहिला पाहिजे, असं मॅडमचं म्हणणं. तसं केलं तर एकच धूर दोनदा मोजला जाईल, असं पोथीचं. "हे तत्त्वाच्या विरुद्ध आहे," तो म्हणाला. "तत्त्व तुमच्याच कारखानदारांनी लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. आई मध्येच चहा ठेवून गेली, तो दोघांनी भांडता भांडता प्यायला. शेवटी एका गोष्टीवर जमलं, वाटायला धूरच जास्त हवा. बॉयलर पुन्हा चालवायचा, पण आईच्या पद्धतीने नाही. या धंद्यात सर्वसाधारणपणे चालवतात तसा.

"म्हणजे वाईट," मी म्हटलं.

"सर्वसाधारण," मॅडम म्हणाल्या.

आईने प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. पण कोळसा जास्त पडला की हात आपोआप झाकणाकडे जायचा.

"ताई, जरा हात आवरा की," मॅडम वैतागून म्हणाल्या.

"आवरतेय हो," आई म्हणाली, आणि पुन्हा झाकण उघडलं. वर स्वतःच जीभ चावली.

मला बघवेना. मी फावडं ओढून घेतलं. "दे इकडे. वाईट काम करायला घरात माझ्याशिवाय आहे कोण."

"तोंडाला फडकं तरी बांध," आई म्हणाली.

ओला कोळसा कोंबला, झाकण बंद केलं, राख तशीच ठेवली. बॉयलर खोकायला लागला. धुराड्यातून असला काळा लोट निघाला की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. यंत्राचा आकडा वर चढत होता आणि पोथी खुर्चीतून. "अत्युत्तम," तो म्हणाला. मॅडमनी त्याच्याशी हात मिळवला, आल्यापासून पहिल्यांदा. तेवढ्यात आई अंगणाकडे पळाली. दवाखान्याच्या चादरी दोरीवर होत्या. एकूण एक काळी.

काम अजून संपलं नव्हतं. मॅडमनी रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल आईसमोर धरला. "फक्त एवढं सांगा, ताई. तुम्ही बॉयलर नेहमी असाच चालवायचात ना?"

मी तोंड उघडलं. आईने माझ्या पायावर पाय दिला.

"हो," आई म्हणाली. "असाच. आम्हाला कुठे काय कळतं त्यातलं."

हे ती मोबाइलकडे बघून बोललीच नाही, खाली फरशीकडे बघून बोलली. मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि नवा बॉयलर आमचा झाला.

"या चादरी परत धुवायला गॅस लागेल," मी पोथीला म्हटलं. "त्याचा धूर कुणाच्या खात्यात?"

"तो प्रकल्पाच्या सीमेबाहेर आहे."

"सीमा कुठे आहे?"

त्याने खरोखर वळून दाखवलं. बॉयलरच्या खोलीचा उंबरठा. चादरी अंगणात, म्हणजे बाहेर. मग दोघं त्याच उंबरठ्यावरून गाडीत बसायला गेले.

संध्याकाळी दवाखान्याचा गाडीवाला आला तेव्हा चादरी अजून पाण्यात होत्या.

"आज नाही मिळायच्या," आई म्हणाली. "खराब झाल्या. माझ्या हातून झालं."

"तुझ्या हातून कुठे," मी म्हटलं. "मी—"

"माझ्या हातून झालं," आई पुन्हा म्हणाली.

गाडीवाल्याने डोकं खाजवलं. "तुमच्याकडून असं कधी होत नाही हो. तिकडच्या सिस्टर तर म्हणतात, चादरी तुमच्याकडच्याच हव्यात."

आई हात पुसता पुसता थांबली.

"काका, हे परत बोला," मी खिशात हात घालत म्हटलं. "मोबाइल काढते."

"मोबाइल कशाला?"

"काही नाही, तुम्ही उद्या दुपारी या," आई त्याला म्हणाली, आणि चादरीचं एक टोक माझ्या अंगावर फेकलं. "तू धर ते. आणि पीळ नीट दे, सर्वसाधारण नको."