मागच्या बाकाचा खिळा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. चर्चमधला, अगदी मागचा, दाराजवळचा. माझ्या अंगातून एक खिळा वर आलेला आहे, आणि कित्येक वर्षे तो मी एका माणसासाठी राखून ठेवला होता.

पाळक जिथे उभे राहून उपदेश करतात ते व्यासपीठ आणि मी एकाच झाडाचे. चांगल्या फळ्या त्याला गेल्या, गाठाळ माझ्या वाट्याला आल्या. त्याला दरवर्षी पॉलिश होते. मला सुताराने घाईघाईत ठोकले आणि म्हणाला, "मागचाच तर आहे, चालेल." खिळ्याचे डोके तेव्हाच वर राहिले.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्यांचे मन डळमळले, ज्यांना प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षारस घेववत नाही, ते मागे बसतात. कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून मी संशयी माणसांचा बाक झालो. खरे सांगू? पुढच्या गाद्यांवर जेवढ्या डुलक्या निघतात, तेवढ्या माझ्यावर कधी निघाल्या नाहीत. शंका माणसाला झोपू देत नाही.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई पूर्वी पुढे बसायच्या. त्यांची मुलगी तापाने फणफणली. बाईंनी गुडघे सोलवटेपर्यंत प्रार्थना केली, तरी मुलगी गेली. दफनाहून परतल्यावर हेडमास्तर, म्हणजे आमच्या मंडळीतले बडे प्रस्थ, चारचौघांत म्हणाले, "बाई, देव कमी पडत नाही. तुमचा विश्वास कमी पडला."

पुढच्या रविवारी बाई माझ्यावर येऊन बसल्या. मी लाकूड खरा, पण त्या दिवशी माझे पित्त खवळले.

देव आहे की नाही, हे बाईंना ठरवता येईना आणि येणेही सोडवेना. सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत, तेव्हा 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो' या क्षमेच्या ओळीला त्या गप्प होत आणि बोटाने माझा खिळा चाचपत. एकदा पुटपुटल्या, "त्या मास्तरावरही अशी वेळ येऊ दे. त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकीन." मी मनातल्या मनात आमेन म्हटले. मध्ये एकदा रखवालदार हातोडी घेऊन आला होता, पण कुणीतरी हाक मारली आणि तो विसरला. माझ्या ते पथ्यावरच पडले.

आणि वेळ आली. हेडमास्तरांची बायको आजारी पडली. त्यांनी उपास केले, मंडळीला प्रार्थनेला बसवले. ती वाचली नाही. त्यानंतरच्या रविवारी मास्तर उशिरा आले, पुढे गेलेच नाहीत. माझ्यापाशी थांबले आणि नेमके खिळ्यावर बसायला वाकले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मला प्रार्थना करता येईनाशी झालीय."

बाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिले. आता बोला, बाई, फेका ते शब्द!

"इकडे सरका," बाई म्हणाल्या. "तिथे खिळा आहे."

मास्तर सरकले. माझी इतक्या वर्षांची तपश्चर्या पाण्यात गेली!

"मी तेव्हा तुम्हाला जे बोललो..." मास्तरांनी सुरुवात केली.

"विसरले नाही मी," बाईंनी त्यांचे बोलणे तोडले. "माफही केलेलं नाही. पण खिळा आहे तो आहे. माहीत असून बसू कशी देणार?"

क्षमेच्या ओळीला त्या दिवशी दोघेही गप्प होते. बाईंचे बोट सवयीने खिळ्याकडे गेले, आणि मला प्रथमच ते नीट दिसले. टोचून टोचून त्याला घट्टा पडला होता. ज्याच्यासाठी मी खिळा जपला त्याला ओरखडासुद्धा आला नाही. रक्त काढले ते बाईंचेच.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. पण तुमच्यापैकी कुणाकडे हातोडी असेल, तर या. हा खिळा मला स्वतःला ठोकता येत नाही. आणि जरा लवकर या, माझे मन फिरायच्या आत.