डावीकडचा स्विच

मित्रांनो, कोळवणात भाताच्या खाचरांना लागून एक पत्र्याची शेड आहे. तिच्यात उभी असते ती जुनी पांढरी गाडी म्हणजे मी. मला अठरा वर्षे झाली.

माझा जन्म कारखान्यात झाला. पहिली काही वर्षे मी पुण्यात एका डॉक्टरांकडे होते. मग हैबतरावांनी मला गावी आणले. त्या दिवशी त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी माझ्या चाकाखाली लिंबू ठेवले आणि डावीकडच्या सीटवर बसून घेतले. ती जागा त्यांचीच झाली. बियाणे आणायला पौड, लेकीकडे बावधन, लग्ने, बारशी, सगळीकडे मी गेले. "लई गार गाडी हाय," असे पाहुणे म्हणत. मला बरे वाटे.

माझ्या पुढच्या जाळीमागे एक पंखा आहे. तो इंजिनाचे पाणी गार ठेवतो आणि एसीलाही तोच लागतो. मी पळत असले की समोरचा वारा पुरतो. थांबले की पंखाच हवा. पूर्वी तो आपोआप लागायचा. सात वर्षांपूर्वी ते बंद पडले. तेव्हा पौडच्या मिस्त्रीने पंखा 'डायरेक्ट' केला, म्हणजे बॅटरीवरून थेट एका स्विचला जोडला. वायर आखूड पडली, म्हणून स्विच डावीकडे, लीलाबाईंच्या गुडघ्याजवळ बसला.

"वैनी दाबत्याल की," मिस्त्री म्हणाला.

आणि त्या दाबत राहिल्या. इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याने वर सरकायला सुरुवात केली की हैबतराव म्हणत, "लाव गं पंखा."

"कवाच लावलाय. तुमी म्होरं बघा."

घरी आल्यावर त्या स्विच बंद करत, नाहीतर बॅटरी उतरली असती. "केला बंद," असे सांगूनच दार लावत.

गेल्या पौषात लीलाबाईंना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या.

हैबतरावांनी मला पुन्हा बाहेर काढले तेव्हा ऊन तापले होते. भूगावच्या गर्दीत मी थांबले. एसीतून गरम वारा येऊ लागला, काटा चढला. हैबतराव म्हणाले, "लाव गं पंखा." मग काच खाली केली. सात वर्षांत तो स्विच त्यांनी एकदाही दाबला नव्हता. आताही त्यांचा हात तिकडे गेला नाही.

एका गॅरेजमध्ये एसीचा गॅस भरला. दुसऱ्यात पाणी बदलले. हैबतराव एवढेच सांगत, "उभी ऱ्हायली की तापतीया." स्विचचे बोलत नसत. मला सगळे ठाऊक होते, पण मला हॉर्न आहे, तोंड नाही. दोनदा माझ्या बॉनेटमधून वाफ निघाली.

शेवटी बावधनच्या किशोरने मला तपासले. तो शहरात वाढलेला, शांत माणूस. गॅस बरोबर होता. पाणी बरोबर होते. पंख्याला बॅटरीची तार लावताच तो भर्रकन फिरला. मग किशोर वायर धरून मागे मागे आला आणि डावीकडच्या सीटपुढे वाकला.

"काका, हा स्विच कोण दाबतं?"

"मंडळी दाबायची."

किशोर हसला. "एका स्विचला किती मंडळी लागतात तुमच्याकडे?"

"एकच व्हती," हैबतराव म्हणाले.

किशोर उठून उभा राहिला. फडक्याला त्याने हात पुसले. मग हळू म्हणाला, "काका, अजून एकदा तापली तर इंजिन बसेल. पहिल्यासारखं आपोआप करून देऊ?"

"कर."

त्याने नवा सेन्सर लावला. "हा स्विच काढतो. आता त्याला वायर नाही."

"ऱ्हाऊ दे."

"पण उपयोग काय त्याचा?"

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना."

परत येताना भूगावला पुन्हा अडकलो. काटा वर सरकला. "लाव गं पंखा," हैबतराव सवयीने बोलून गेले, आणि नेमका तेव्हाच पंखा लागला. आत गार हवा आली. त्यांनी डावीकडे पाहिले. मागचे हॉर्न वाजवू लागले तरी ते बघतच होते. हे सेन्सरने केले, असे मी त्यांना सांगू शकत नव्हते. सांगता आले असते तरी सांगितले नसते.

त्या दिवसापासून त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटले नाही. मी आता तापत नाही. मला बरे केले, पण त्यांच्यासाठी मला काही करता येत नाही.

मित्रांनो, जुन्या गाडीचे पाणी बघत जा, पंखा फिरतो का ते बघत जा. आणि तिच्यात कशालाच न जोडलेला एखादा स्विच दिसला, तर तो उपटायची घाई करू नका. आधी विचारा.

शेडमध्ये आल्यावर हैबतराव लगेच उतरत नाहीत. माझा पंखा आपला आपण थांबतो. मग ते डावीकडे वाकतात आणि तो स्विच एकदा दाबतात.

"केला बंद," म्हणतात, आणि दार लावतात.