दोन बोटं बाही

काउंटरवरच्या मुलीने कोट उलटा केला आणि ती अस्तर चाचपायला लागली, तेव्हा मास्तरांनी नजर दुसरीकडे वळवली. चाळीस वर्षं टेलरिंग केलेल्या माणसाला दुसऱ्याने शिवण तपासलेली बघवत नाही, आणि इथे तर शिवण त्यांचीच होती.

तीन महिन्यांसाठी दोघं परदेशात लेकीकडे आली होती. थंडी हाडात शिरणारी. दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी बायकोला हा लोकरीचा कोट घेतला. किंमत ऐकून बाई हबकल्या. लेबल काढायचं नाही, जाताना परत करू, इथे घेतात म्हणे, असं त्यांनी बजावलं. मग लेबल कॉलरच्या आत खोचून, जपून, पण भलत्याच ऐटीत त्या हिंडायच्या. बाह्या मात्र बोटांवर यायच्या आणि ते मास्तरांच्या डोळ्यांत खुपायचं. एका दुपारी लेकीची सुई-कात्री मागून त्यांनी दोन्ही बाह्या दोन बोटं आखूड केल्या. बाईंनी कपाळाला हात लावला. आता कोण घेणार हा परत?

"कुणाला कळलं तर नाव बदलीन," मास्तर म्हणाले होते.

सहाव्या आठवड्यात भाजी निवडता निवडता बाई खुर्चीतच कलंडल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

शवपेटी गुरुवारच्या विमानाने निघणार होती. मास्तरांचं तिकीट त्यानंतर दीड महिन्याने. तारीख बदलायची तर दंड, वर भाड्यातला फरक. बाईंच्या तिकिटाचे पैसे विमान कंपनी परत देणार होती, पण कागदपत्रं तपासून, दोन महिन्यांनी. पेटी पाठवण्यात लेकीचं होतं नव्हतं ते संपलं होतं. तिने चाचरत सुचवलं, आईला पुढे जाऊ दे, तिकडे दादा आहे, तुम्ही मागून जा. मास्तरांना ते सोसवेना. जन्मात कधी एकटीने प्रवास न केलेली बाई आता सामानाबरोबर एकटी जाणार होती. म्हणून कोट काउंटरवर आला होता.

काउंटरवरच्या मुलीने परत करण्याचं कारण विचारलं. लेक अडखळली, मग मापात बसत नाही म्हणाली. मुलीने तेवढं टाइप केलं आणि आणखी काहीतरी विचारलं.

"बाबा, ती विचारतेय, कोटात काही बदल केलाय का. केला असेल तर पैसे मिळत नाहीत."

बाह्या कापल्या तेव्हा लेक समोरच बसली होती. मास्तरांनी बाहीची कड बोटांत धरली. टाका कुठे म्हणून दिसत नव्हता. सख्ख्या भावाने त्यांचं काम दुसऱ्याच्या नावावर खपवलं म्हणून ते एकदा त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "सांग तिला, माझा हात लागलेला नाही."

लेकीने खाली बघत तसं सांगितलं. मुलीने कोट हँगरला अडकवून मागे टांगला.

गुरुवारी विमानतळावर तपासणीच्या ट्रेमध्ये मास्तरांनी खिसे रिकामे केले. चष्मा, किल्ल्या, आणि लोकरी कापडाची दोन कडी, बाह्यांची कापलेली टोकं. बाईंच्या पर्समध्ये घडी करून ठेवलेली सापडली होती. चिंधीसुद्धा फेकायची म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. तपासणाऱ्याने एक उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. मास्तरांनी दोन्ही हातांत एकेक चढवलं, वर शर्टाच्या बाह्या ओढून घेतल्या, आणि ते रांगेत पुढे सरकले.