जास्वंदीचं अकाउंट

"हा मेला परत आला!" वासंतीबाईंनी चष्मा नाकावर दाबला आणि सोफ्यावर बसलेल्या सुनेला फोन उंचावून दाखवला. "परवाच उडवला होता याला. उघडाबंब, गळ्यात साखळी. माझ्या थालीपिठात याला कसला रस गं?"

"उडवा, आई." ऋतिकाने लॅपटॉपवरून मान उचलली नाही. "विचारत नका बसू. मी मीटिंगमध्ये आहे, म्यूटवर."

वासंतीबाईंनी उडवला. नावापुढचे तीन ठिपके, मग 'रिमूव्ह', मग पुन्हा एकदा 'रिमूव्ह'. आपल्याला काढलंय हे समोरच्याला कुणी सांगतही नाही. या ॲपची ही सोय त्यांना फार आवडायची. पुण्यात मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर होत्या. मामा म्हणून, चुलतभाऊ म्हणून फाटकाशी येणाऱ्या कितीतरी बाप्यांना त्यांनी उन्हात उभं करून परत पाठवलं होतं. पण तिथे तोंडावर नाही म्हणावं लागे, मागून शिव्या खाव्या लागत. इथे परदेशात, मुलाच्या घरी टार्निटला नुसत्या बोटाने काम होत होतं.

या घरात येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. पहिली दोन त्यांनी फ्रिजसारखी काढली. कोपऱ्यात उभं राहायचं, लागेल ते पुरवायचं, फार आवाज करायचा नाही. मग एका रविवारी ऋतिकाने त्यांचे भाकरी थापणारे हात फोनवर टिपले आणि 'आईच्या हातचं' हे पेज सुरू झालं. चेहरा दाखवायचा नाही. "हात जेन्युइन वाटतात तुमचे," ऋतिका म्हणाली होती, आणि वासंतीबाईंनी ते कौतुक म्हणून घेतलं. बघता बघता हजारो फॉलोअर जमले. पेजला कुलूप होतं, कारण कुलूप दिसलं की आत काय आहे ते बघायला माणसं धडपडतात, असं ऋतिकाला कुठल्याशा कोर्समध्ये शिकवलं होतं. कुलूप आलं म्हणजे फाटक आलं. आणि फाटक आलं म्हणजे वासंतीबाई आल्या. दुपारची भांडी झाली की त्या जुना फोन घेऊन डायनिंग टेबलाशी बसायच्या. आलेल्यांना आत घ्यायचं, नको त्यांना हाकलायचं. नणंदेच्या सुनेला त्यांनी तीनदा आत-बाहेर केलं, नुसतं गंमत म्हणून. मंडळाच्या हळदीकुंकवाला ज्या बाईने त्यांना ओळख दाखवली नव्हती, तिची रिक्वेस्ट महिनाभर लटकत ठेवली. खोटं कशाला बोला, त्यांना मजा यायची.

खोटी अकाउंट ओळखायचं ऋतिकाने शिकवलं होतं. चेहऱ्याच्या जागी देव, फूल नाहीतर मांजर. पोस्ट एकही नाही. नावाच्या जागी अक्षरं आणि आकडे. आणि लाइक नाही, कमेंट नाही, नुसतं बघत राहायचं. "असली मढी हजारभर असली ना, की ॲप आपल्यालाच खाली ढकलतं. काढून टाकायची."

त्या दुपारी उघड्या बाप्याच्या खाली जास्वंदीचं फूल होतं. नाव एसव्हीके आणि पुढे चार आकडे. पोस्ट शून्य. फॉलोअर एक. आणि ते फूल स्वतः जगात एकाच अकाउंटला फॉलो करत होतं, 'आईच्या हातचं'ला.

"ऋतिका, हे बघ. एकट्या आपल्यालाच चिकटलंय."

"बॉट आहे, आई. उडवा."

तीन ठिपके. रिमूव्ह. रिमूव्ह.

तेवढ्यात गॅरेजचं दार वाजलं. मुलगा, तनय, आज लवकर आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "आई, सरूमावशीला फोन केलास? नुपूरचा मेसेज होता मागे."

"करते रे उद्या."

"मागच्या आठवड्यात पण उद्याच होतं."

"अरे, बोलणार काय? ती काही बोलते का? मी आपली हॅलो हॅलो करायची आणि तिकडून नुसता श्वास. भिंतीशी बोलल्यासारखं होतं."

सरिता ही वासंतीबाईंची धाकटी बहीण, मिरजेला असते. वर्षापूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वासंतीबाईंनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्या फोनवर रडल्या, तिसऱ्यांदा केलाच नाही. रडूच येतं म्हणून करत नाही, असं त्या लोकांना सांगायच्या. खरं म्हणजे त्यांना त्या श्वासाचा कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी फूल परत दारात. रिक्वेस्ट. वासंतीबाईंनी 'डिलीट' दाबलं. संध्याकाळी परत. पुन्हा डिलीट.

"निर्लज्ज आहे गं हे," त्या सुनेला म्हणाल्या. "वसतिगृहावर एक पोरगा यायचा असा. शेवटी वॉचमनला सांगून बादलीभर पाणी टाकलं होतं अंगावर."

"आई, यू आर सॅव्हेज!" ऋतिका हसली. सून आपल्या बोलण्याला हसली याचा वासंतीबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी रात्री तिच्या आवडीची मसूर केली.

तिसऱ्या दिवशी फुलाकडून मेसेज आला. अर्थ लागेना. क, मग बरेच क, मधेच एक इंग्रजी अक्षर, मग व, मग जागा, परत व, पुढे एक हसरा चेहरा आणि ट्रॅक्टर.

वासंतीबाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला. ककककक वव. दोघी खो खो हसल्या. तनयसुद्धा हसला.

"हे कन्फर्म बॉट," ऋतिका म्हणाली. "ब्लॉक अँड रिपोर्ट."

वासंतीबाईंनी ब्लॉक केलं. ट्रॅक्टर आठवून झोपेपर्यंत हसत होत्या.

रविवारी नुपूरचा व्हिडिओ कॉल आला. सरिताची मुलगी. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"मावशी, आईला ब्लॉक का केलंस?"

"कुणाला?"

"माझ्या आईला. तुझ्या बहिणीला. तिनं काय घोडं मारलंय तुझं?"

"अगं, सरू कुठे आहे माझ्या फोनवर? काहीतरी बोलतेस."

"जास्वंदीचं फूल."

वासंतीबाईंचा हात टेबलावर टेकला.

"मीच काढून दिलं अकाउंट," नुपूर म्हणाली. "तू फोन करत नाहीस, मग तुझे हात तरी दिसतात म्हणून. दिवसभर तेच बघत असते ती. पुरणाचं, धिरड्याचं, तेच तेच. तू काढलंस तर डाव्या अंगठ्यानं परत परत दाबत बसली. तो मेसेज टाइप करायला तिला आख्खी दुपार लागली, मावशी. मी म्हटलं मी लिहिते, तर माझा हात ढकलला."

"मला काय स्वप्न पडलंय? नाव नाही, गाव नाही. स्वतःचा चेहरा तरी लावायचा ना फोटोला!"

नुपूरने फोन तोंडाजवळ आणला.

"चेहरा?" नुपूर म्हणाली. "तोंड वाकडं झालंय तिचं. लाळ गळते. तो लावू? तू तिला आत घेतलं असतंस?"

आणि फोन बंद.

वासंतीबाई तशाच सुनेच्या खोलीत गेल्या. ऋतिकाने सगळं ऐकलं, "ओह नो" म्हणाली, आणि ब्लॉक काढून दिला. पण ब्लॉक काढला म्हणून माणूस आपोआप परत येत नाही. सरूला पुन्हा दार वाजवावं लागणार होतं. वासंतीबाई सोमवारभर फोन घेऊन बसल्या. मंगळवारीही बसल्या. मुंबईची एक बाई आली, दोन कॉलेजची पोरं आली, दात विकणारा एक डेंटिस्ट आला. फूल आलं नाही.

"मग आपणच तिला फॉलो करू," त्या म्हणाल्या.

"आई, पेजवरून नाही हं. आपण फक्त मोठ्या शेफना फॉलो करतो. कुणीही दिसलं त्या लिस्टमध्ये तर ते बरं दिसत नाही."

"कुणीही नाही गं ती. बहीण आहे माझी."

"हो, पण लोकांना काय माहीत?" ऋतिका थांबली. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "थांबा. लोकांना सांगूया ना! मी माझ्याच बहिणीला ब्लॉक केलं. आई, लोक रडतील. पहिल्यांदाच तुमचा चेहरा दाखवू. तुम्ही कॉल लावा, माफी मागा, आपण शूट करू, आणि शेवटी पेजवरून त्यांना फॉलो करू. प्रॉमिस."

"काहीतरी काय," तनय म्हणाला. पण पुढे म्हणाला, "अर्थात, व्हिडिओ चालेल मात्र भन्नाट."

नाही म्हणायला वासंतीबाईंना कुणी बंदी केली नव्हती. स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या खोलीत, दार लावून बहिणीला फोन करायलाही कुणी बंदी केली नव्हती. ते वर्षभर मोकळंच होतं. पण पेजने फॉलो केलं की सरूला मान मिळेल, असं त्यांनी स्वतःला पटवलं. आणि चेहरा दिसणार, हे शब्द कानात राहिले होते. शनिवारी सकाळी त्यांनी केसांना कलप लावला.

दुपारी हॉलमध्ये गोल दिवा लावला गेला. वासंतीबाई मोतिया साडीत, खुर्चीत. ऋतिका दुसरा फोन धरून बाजूला. मिरजेला सकाळ होती. नुपूरने फोन उचलला. ती अजून घुश्शात होती, पण मावशीने हात जोडलेले बघून नरमली. "थांब, आईला देते. नीट बोल तिच्याशी."

फोन हलला. छत दिसलं, पंखा दिसला, आणि मग सरू. पांढरं डोकं, एका बाजूला ओघळलेलं तोंड. पण डोळे तेच होते, आणि बहिणीला बघून ते ओले झाले. डावा हात वर आला.

"सरू, चुकलं गं माझं," वासंतीबाई म्हणाल्या. आणि आता त्यांना खरंच रडू फुटलं, पोटातून. "मी तुला ओळखलं नाही. वर्षभर फोन केला नाही. मला माफ कर."

सरूच्या घशातून एक आवाज आला. क. परत क.

"आई, जरा इकडे फिरा," ऋतिका कुजबुजली. "डोळे दिव्याकडे. आणि फोन तिरका, त्यांचं तोंड येऊ दे फ्रेममध्ये."

वासंतीबाई फिरल्या. सवयीने फिरल्या. फोनही तिरका केला.

तिरक्या झालेल्या फोनमधून सरूला गोल दिवा दिसला. त्याच्या बाजूला उभी असलेली सून दिसली, तिच्या हातातला दुसरा फोन दिसला. सरूने तो पुष्कळ वेळ पाहिला. मग बहिणीकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं, पण त्यामागची सरू उठून आत निघून गेली होती. डावा अंगठा हळूहळू जवळ आला, मोठा होत गेला, पडदाभर झाला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर लागला.

"कट झाला?" ऋतिका म्हणाली. "नेट गेलं असेल. परत लावा, आई."

नुपूरचा मेसेज आला. 'मी नाही कट केला. आईने केला. परत लावू नकोस, ती नाही म्हणतेय.'

"आई, थांबू नका, रडत राहा, हे फार छान येतंय."

वासंतीबाई उठल्या. साडीचा काठ खुर्चीच्या पायात अडकला, तो त्यांनी वाकून सोडवला आणि कपडे वाळत घातले होते तिकडे मागच्या अंगणात गेल्या. हॉलमध्ये दिवा चालूच होता. ऋतिकाचा फोन अजून रिकामी खुर्ची टिपत होता.