यंत्राशेजारचा खुळखुळा

मी एक लाल खुळखुळा बोलतोय. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, कान तपासायच्या खोलीत, टेबलावर पडलेला असतो. माझ्या शेजारी बेरा तपासणीचं यंत्र आहे. झोपलेल्या बाळाच्या कपाळाला तारा चिकटवल्या, की ते आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते सांगतं. त्याच्यासाठी एसी लावलाय, मापाचं कव्हर शिवलंय. मी त्याच्यावर जळतो. उगाच कशाला लपवू?

मलाही काही असंतसं आणलेलं नाही. या खोलीच्या प्रमुख श्यामला मॅडमनी तुळशीबागेत इतके खुळखुळे कानाशी धरून वाजवले, की दुकानदार म्हणाला, "बाई, घ्यायचाय की मैफल करायचीये?"

"आवाज पारखतेय," मॅडम म्हणाल्या. "तुमचाही ऐकला."

इथे ऑडिओलॉजी, म्हणजे ऐकण्याचं शास्त्र, शिकणारी मुलं पोस्टिंगला येतात. त्यांतली स्वराली तिसऱ्या वर्षाची. तिने पहिल्या दिवशी यंत्राआधी मला हातात घेतलं, म्हणून ती माझी लाडकी. पुढे मात्र तीही जेवणाच्या सुट्टीत यंत्राचं पुस्तक वाचू लागली. माझं काय वाचणार म्हणा!

एका सोमवारी हिंजवडीहून दीपमालाताई आल्या, मूळच्या यवतमाळकडच्या. मांडीवर नऊ महिन्यांचा आमोद.

"मॅडम, हाक मारली तं हा पाहतच नाही. ऐकते ना माझा पोरगा?"

आमची पद्धत साधी आहे. एकाने समोर बसून बाळाला आवाज न करणारी बाहुली दाखवायची, दुसऱ्याने मागून, बाळाला दिसणार नाही असं, मला वाजवायचं. तिच्या वर्गातली एक मुलगी बाहुली घेऊन समोर बसली, स्वराली मला घेऊन मागे उभी राहिली. पण उत्साहाच्या भरात तिचा हात पुढे आला. आमोदला डोळ्याच्या कोपऱ्यातून माझा लाल रंग दिसला आणि तो झटकन वळला.

"वळला!" स्वराली ओरडली आणि तिने कागदावर लिहिलं, 'प्रतिसाद चांगला.' दीपमालाताईंना रडूच फुटलं. त्याने मला नुसतं पाहिलं, हे मला ठाऊक होतं. तरी मी आतून फुलून गेलो. आज माझ्यावरच काम भागलं, यंत्राला कुणी विचारत नाही! ते बाळ तसंच घरी गेलं असतं, बोलायला शिकायचं वय हातचं गेलं असतं, हे माझ्या मनातही आलं नाही.

श्यामला मॅडम दारातून पाहत होत्या. "स्वराली, पुन्हा कर. कोपर मागे. तपासणी चाललीये, खुळखुळ्याचं प्रदर्शन नाही."

मी वाजलो. आमोद बाहुलीकडेच पाहत राहिला. मी जीव तोडून वाजलो. तो हसला, तेही बाहुलीला. स्वरालीने लिहिलेलं खोडलं.

दुपारी यंत्राने सांगितलं, दोन्ही कानांना फार कमी ऐकू येतं. सगळे त्याच्या पडद्यापाशी जमले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही आणि त्या दिवशी तेच बरं होतं.

दोन महिन्यांनी आमोदला श्रवणयंत्रं बसवली. कानांमागे चिमुकली, बोटाच्या पेराएवढी. ती सुरू झाल्यावर स्वरालीने मला मागून हळूच वाजवलं. आमोद थबकला. मग वळून थेट माझ्याकडे पाहू लागला.

दीपमालाताईंनी काय करावं? श्रवणयंत्राला हात लावून तो कपाळाला टेकवला. माझं नावही नाही!

निघताना आमोदने मला घट्ट धरलं. मॅडमनी सोडवून घेतलं, तसा त्याने भोकाड पसरलं. माझ्यासाठी! यंत्रासाठी आजवर कुणी रडलंय? पण तो मधेच गप्प झाला. स्वतःचाच आवाज त्याच्या कानी पडला होता. त्याने पुन्हा एकदा ओरडून पाहिलं, ऐकलं आणि खुदकन हसला. मला पार विसरला.

नव्या बॅचच्या मुलामुलींनो, एवढं करा, मला बाळाच्या नजरेआड धरा. मी मत्सरी आहे, संधी मिळाली की पुढे येईन.