सवतीसोबत सरकारी खोली

सरकार स्वस्त भाड्यात खोली देतं, पण एकट्या बाईला देत नाही. दोघींनी मिळून अर्ज करायचा. एक खोली, एक न्हाणीघर, एक शेगडी आणि दोन बायका. बहीण आणा, मैत्रीण आणा, कुठूनही आणा, पण दुसरी बाई आणा. घरं देणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या मिस येओनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं पोरी, या वयात एक वेळ नवरा मिळेल. बाई कुठून शोधू?"

ती हसली. मला काही हसू येत नव्हतं. बेडोक वस्तीत फातोनच्या घरात मी एका खोलीत भाड्यानं राहत होते. फातोन बाई म्हणून वाईट नाही, पण तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि रायाच्या सणाला, म्हणजे ईदला, सून घरात येणार होती. नव्या सुनेला काय माझ्या मांडीवर बसवणार? फातोननं अगदी गोड शब्दांत सांगितलं, "कल्सोम, सणाच्या आत खोली रिकामी करून दे हं." बाहेर चार ठिकाणी भाडी विचारली तर मला घेरीच यायची बाकी राहिली. शाळेच्या कँटीनमध्ये नासी लमाकच्या, म्हणजे नारळीभाताच्या, पुड्या बांधणाऱ्या बाईचा पगार तो केवढा! सरकारी खोली मिळाली नाही तर मी, माझी ट्रंक आणि माझ्या आईची चिनी मातीची ताटं, सगळी वरात इमारतीखालच्या बाकड्यावर येणार होती.

मग काय, लागले स्थळं बघायला. पोरीच्या लग्नाला बघत नाहीत इतकी बघितली. आधी आमच्या कँटीनमधली नूडलवाली गेक ह्वे. माझी जिवाभावाची मैत्रीण. ती म्हणाली, "तुझ्यासाठी जीव देईन गं, पण डुकराची चरबी सोडणार नाही." मी म्हटलं, "शेगडी एकच, आणि तिच्यावर तुझी चरबी? राहू दे, जीवच दे." दोघी पोट धरून हसलो आणि तो विषय तिथंच संपला. मग मशिदीतल्या बायकांना विचारलं. त्यातल्या एकीनं चार मांजरं आहेत म्हणून सांगितलं, ते मी सोसलं असतं, पण ती मांजरांना मुलं म्हणते आणि मला त्यांची मावशी म्हणायला लागली. दुसऱ्या एकीनं तर मलाच नापसंत केलं. म्हणे, कल्सोमच्या नाकावर राग असतो. मी तिला तिथल्या तिथं असं काही सुनावलं की तिला आपलं म्हणणं खरं असल्याची खात्रीच पटली.

रमजानला अजून थोडा अवकाश होता तेव्हाची गोष्ट. सकाळची गर्दी ओसरली होती. मी टेबल पुसत होते. समोर कुणी तरी उभं राहिलं आणि म्हणालं, "ताई, मी पण खोली शोधतेय."

मान वर केली आणि अंगाचा तिळपापड झाला. रुबिया! माझी सवत!

हो, सवत. आमचा नवरा मुस्तारी बाताम बेटाच्या बोटीवर तिकिटं फाडायचा. मला मूल होईना म्हणून त्यानं रुबियाशी दुसरा निकाह लावला. तिलाही होईना, तेव्हा दोष कुणात होता ते सगळ्या मोहल्ल्याला कळलं, त्यालाच तेवढं कळलं नाही. पुढची कितीतरी वर्षं एक रात्र माझ्याकडे आणि एक रात्र तिच्याकडे, अशी त्याची बोट चालू होती. शेवटी बातामलाच तिसरी गाठली आणि आम्हा दोघींना एकदमच तलाक दिला. निदान त्यात तरी दुजाभाव केला नाही.

या एवढ्या वर्षांत रुबिया आणि मी धड चार वाक्यं बोललो नव्हतो. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर ती एका मांडवात, मी दुसऱ्या मांडवात. तिच्याबद्दल मला जे काही माहीत होतं ते मुस्तारीच्या तोंडून. आणि तो तर येईल तेव्हा तिच्याबद्दल काही ना काही गाऱ्हाणं घेऊनच यायचा. मलाही ते ऐकायला गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

"तुला कुणी सांगितलं मी खोली शोधतेय म्हणून?" मी विचारलं.

"अख्ख्या बेडोकला माहीत आहे, ताई. आणि तुमच्यासोबत राहायला कुणी तयार नाही, हेही माहीत आहे."

"आणि तू तयार आहेस?"

"मी भाचीच्या सोफ्यावर झोपते. पाय लांब केले की तिच्या नवऱ्याच्या टीव्हीला लागतात. मी कुणाहीसोबत राहायला तयार आहे."

हिची जीभ एवढी चालते हे मला माहीत नव्हतं. मुस्तारी म्हणायचा, रुबिया म्हणजे नुसती रडूबाई. मी फडकं आपटलं, तिला चार शब्द सुनावले, चालती हो म्हटलं. ती गेली नाही. उलट खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बोलून झालं की सांगा. मी आज सुट्टी घेतलीय." हॉटेलच्या धोबीखात्यात चादरी धुते ती. तिचे हात बघितले, सोड्यानं पांढरेफटक पडले होते. मला तिची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. मग मी तिच्यासमोर एक पुडी ठेवली. "खा आधी. अर्जाचं मग बघू."

मुलाखत रमजान लागायच्या आधीच होती. त्या दिवशी दोघी ठेवणीतले कपडे घालून गेलो. मिस येओनं आमची ओळखपत्रं पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचं एकमेकींशी नातं काय?"

रुबियानं माझ्याकडे पाहिलं. आम्ही वाटेत ठरवलं होतं, मैत्रिणी म्हणून सांगायचं. पण माझं तोंड कधी ठरल्याप्रमाणे चाललंय? मी म्हटलं, "सवती."

मिस येओनं हातातलं पेन खाली ठेवलं. "आँटी, मी तुम्हाला स्पष्ट सांगते. इथं बालपणीच्या मैत्रिणी येतात, गळ्यात गळे घालून चावी घेऊन जातात आणि दोन महिन्यांत भांडून परत येतात. एक म्हणते पंखा बंद कर, दुसरी म्हणते चालू ठेव. अशा जोड्या मोडल्या की दोघींचे हाल होतात. आणि तुम्ही तर... तुम्ही दोघी दुसरं कुणी तरी बघाल का? मी तुमचे अर्ज वेगवेगळे ठेवते."

वेगवेगळे! म्हणजे पुन्हा मांजरांची मावशी. सण जवळ येत चालला होता आणि फातोनची खोलीतल्या पडद्यांची मापंसुद्धा घेऊन झाली होती.

"हे बघ पोरी," मी म्हटलं, "मैत्रिणी का भांडतात? कारण त्यांना एकमेकींचे गुण आधी माहीत नसतात. आमचं तसं नाही. हिचा एकही दोष मला नवा नाही. सगळी भांडणं आम्ही मनातल्या मनात कधीच उरकून टाकलीत. आता भांडायला काही शिल्लक नाही."

रुबिया लगेच म्हणाली, "अगदी बरोबर. मला पण यांचं सगळं माहीत आहे."

मिस येओ माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिनं पेन उचललं. "बरं. मग सांगा बघू. रुबिया आँटींच्या सवयी काय आहेत?"

एवढंच हवं होतं. मी सुरूच झाले. रुबिया घोरते, आणि बारीकसारीक नाही, बोटीचा भोंगा वाजावा तशी. सकाळी उन्हं डोक्यावर आल्याशिवाय उठत नाही. मिरचीचं सांबाळ करते तर त्यात साखरच साखर, जेवण आहे की मिठाई कळत नाही. टीव्हीवर कुणी रडलं की ही पण रडते. पंखा पाचावर लागतो. मी एकेक बोलत होते, मिस येओ लिहून घेत होती आणि रुबिया खाली मान घालून म्हणत होती, "हो. खरं आहे. हो." सांगते तुम्हाला, माझ्या काळजाला काय गार वाटलं! एवढ्या वर्षांनी तोंडानं कबूल करतेय!

"आणि कल्सोम आँटी?" मिस येओनं तिला विचारलं.

रुबिया घसा साफ करून म्हणाली, "या रागावल्या की ताटं फेकतात."

मी ताडकन उठलेच असते. ताटं? मी? माझ्या आईच्या ताटांतल्या एकालाही आजवर तडा गेलेला नाही! बोलायला तोंड उघडलं, तर मिस येओ माझ्याकडे बघत होती. पेन हवेत थांबलं होतं. मला डोळ्यांसमोर ते बाकडं दिसलं आणि त्याच्यावर ठेवलेली ट्रंक.

"फेकते," मी म्हटलं. "पण आता वयोमानानं जरा कमी झालंय."

रुबिया पुढं म्हणाली, "माणसाचे खिसे तपासतात. दारात पाहुणा आला की कपाळाला आठ्या. उग्र वासाचं डुरियन घरात आणलं तर फळासकट माणसाला बाहेर काढतात. आणि कुणी आजारी पडलं तर जवळसुद्धा जात नाहीत, यांना किळस येते."

हे शेवटचं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मुस्तारीला कावीळ झाली तेव्हा त्याची भांडी कोणी उचलली होती? पण मी दातावर दात दाबून बसले आणि प्रत्येकाला हो म्हटलं. खिसे, हो. आठ्या, हो. किळस, हो बाई हो.

मिस येओ खुर्चीत मागे रेलली आणि हसायला लागली. "आँटी, इतकं खरं इथं कुणी बोलत नाही. स्वतःचे दोष असे तोंडावर मान्य करणाऱ्या दोघी मी पहिल्यांदा पाहिल्या. ताटं तेवढी प्लॅस्टिकची घ्या." तिनं आतल्या खोलीत जाऊन कुणाला तरी विचारलं आणि परत येऊन आम्हाला सह्या करायला सांगितलं. एक खोली रिकामी होती, चौथ्या मजल्यावर. चावी सणाच्या आधी मिळणार होती.

ऑफिसच्या खाली चहाचं दुकान होतं. मी दोन ग्लास तेह तारिक मागवले, ते टेबलावर येईपर्यंत कशीबशी कळ काढली आणि मग फुटले.

"ताटं फेकते? मी ताटं फेकते? जीभ कशी झडली नाही तुझी!"

"मग मी कधी घोरते?" रुबिया पण तेवढ्याच जोरात ओरडली. "मी पहाटे फजरच्या अजानच्या आधी उठते. धोबीखात्याची पहिली पाळी आहे माझी! डोक्यावर उन्हं येईपर्यंत झोपले असते तर कधीच काढून टाकलं असतं!"

"अगं, तूच तर हो हो करत होतीस!"

"तुम्ही पण हो म्हणालात!"

"मला खोली हवी होती!"

"मला नको होती?"

शेजारच्या टेबलावरचा म्हातारा वर्तमानपत्राआडून आमच्याकडे बघत होता. मी चहाचा घोट घेतला. तिनं घेतला.

"मी घोरते म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं हळूच विचारलं.

"कुणी सांगणार? तोच. तिच्या घोरण्यानं डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून म्हणायचा, आणि माझ्याकडे येऊन दुपारपर्यंत पसरायचा."

"माझ्याकडे येऊन म्हणायचा, कल्सोमनं ताट फेकून मारलं, बघ, खांदा दुखतोय. मी त्याच्या खांद्याला तेल चोळायचे." ती थांबली. "वर्षानुवर्षं चोळलं, ताई."

आणि मग मला जे हसू सुटलं! ग्लास हातातून सुटला असता. मेल्यानं दोन्ही घरची सेवा घेतली, एकीकडे झोपून आणि दुसरीकडे तेल लावून घेऊन! रुबियाला पण हसू आवरेना, तिनं पदरानं, म्हणजे तिच्या डोक्यावरच्या तुडुंगच्या टोकानं डोळे पुसले. हसता हसता मला मात्र माझ्या जुन्या रात्री आठवल्या. तो तिच्याकडे असायचा त्या रात्री मी एकटी पडून राहायचे आणि मनात म्हणायचे, घोर गं बाई, घोर, आणखी जोरात घोर, होऊ दे त्याची झोपमोड. तेवढ्यावर मला बरं वाटायचं. आणि ही बिचारी तिकडे मुकाट झोपलेली, सकाळी लवकर उठायचं म्हणून. आयुष्यभर मी जिचा राग राग केला ती बाई जगात नव्हतीच. जी होती ती माझ्यासमोर बसून चहा पीत होती आणि तिच्याबद्दल मला काडीची माहिती नव्हती. तिच्यासोबत एका खोलीत राहायच्या कागदावर मी नुकतीच सही करून आले होते.

मी तिला म्हटलं, "रुबिया, मला फार वाईट वाटतंय."

"मला पण," ती म्हणाली. मग तिनं ग्लास बाजूला सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तुम्ही आहात तरी कशा?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ना आईनं, ना मुस्तारीनं, ना फातोननं. मी, कल्सोम, जिच्या तोंडाला बेडोक घाबरतं ती, नुसती ग्लास टेबलावर फिरवत बसले. शेवटी जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं तेच बाहेर पडलं.

"मला अंधाराची भीती वाटते," मी म्हटलं. "घरात एकटी असले की रात्रभर दिवा लावून ठेवते. त्याला कधी सांगितलं नाही. तो हसला असता."

रुबिया हसली नाही. ती म्हणाली, "मग दिवा राहू दे चालू. मला कशातही झोप लागते. पण विजेचं बिल निम्मं-निम्मं नाही हं ताई, दिव्याचं तुमचं तुम्ही भरायचं."

"कंजूष आहेस गं!" मी म्हटलं.

"आहे," ती म्हणाली. "हे मात्र खरं आहे. लिहून घ्या."